गळती आणि भर

माणसाच्या अपराधांचा विचार करताना आपली दृष्टी सहसा घडलेल्या गोष्टींवर खिळते. कोणी कोणास लुबाडले, कोणी खोटी साक्ष दिली, कोणाच्या हयगयीने कोणाचा जीव गेला, हे आपणांस दिसते आणि त्याचा निवाडाही आपण चटकन करून मोकळे होतो. परंतु जे घडू शकत होते आणि केवळ योगायोगाने टळले, त्याचा हिशेब कोठे मांडावयाचा? धोका ठाऊक असूनही एखाद्याने तो तसाच चालू ठेवला, रोज थोडी डागडुजी करून वेळ मारून नेली, आणि अखेरपर्यंत कोणासही इजा झाली नाही. तर त्या माणसाने काही वाईट केले असे म्हणता येईल काय?

या प्रश्नाचा विचार आम्ही एका अगदी साध्या, घरगुती उदाहरणाच्या आधारे करणार आहोत. ते उदाहरण म्हणजे जुन्या मोटारगाडीच्या ब्रेकमधून होणारी गळती. वाचकांना हे उदाहरण तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने फारच किरकोळ वाटेल. परंतु मोठे नैतिक प्रश्न मोठ्या प्रसंगीच उभे राहतात असे थोडेच आहे? पुष्कळदा ते घराच्या पडवीत, गाडीच्या चाकाखाली, ओल्या डागाच्या रूपाने उभे असतात.

आपल्या भागात जुनी मोटार म्हटली की प्रथम फियाट आठवते. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट कंपनीच्या परवान्याने या गाड्या तयार होत. १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ती मध्यमवर्गाच्या घरात आली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप तिनेच घेतले. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. वीस वर्षांची मुदत संपताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. मात्र खाजगी गाड्या अजूनही काही घरांत जिवापाड जपलेल्या आहेत. वडिलांनी घेतलेली, आईला इस्पितळात घेऊन गेलेली, भावंडांच्या लग्नांत फुलांनी सजलेली गाडी विकावयास मन धजत नाही. ही ममता आम्हांस समजते. पण ममता असली म्हणजे पुढचे सारे सुरळीत होते असे नाही, आणि आमचा प्रश्न तेथेच सुरू होतो.

प्रथम ब्रेकचे काम कसे चालते ते पाहू. चालकाचा पाय पेडलवर पडतो आणि मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो. त्यापुढे द्रव भरलेला असतो. बारीक नळ्यांतून तो दाब चारही चाकांपर्यंत जातो, तेथील व्हील सिलिंडरमधील दट्टे बाहेर सरकतात आणि ब्रेक शू ड्रमच्या आतल्या बाजूस घासून चाक थांबवितात. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या एका नियमावर ही सारी रचना उभी आहे. तो नियम ब्लेझ पास्कल या फ्रेंच तत्त्वचिंतकाने मांडला. त्याचा ग्रंथ त्याच्या निधनानंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. योगायोग असा, की त्याच पास्कलने मृत्यूपूर्वी काही महिने, १६६२ मध्ये, पॅरिस शहरात ठरावीक मार्गांवरून धावणाऱ्या सार्वजनिक घोडागाड्या सुरू केल्या होत्या. अनोळखी लोकांना एका गाडीत बसविणारा आणि पुढे गाड्या थांबविण्यास उपयोगी पडलेला नियम सांगणारा माणूस एकच होता.

या रचनेचा वैरी म्हणजे गळती, आणि ती आरंभापासूनची आहे. १९२१ साली अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग गाडीला चारही चाकांवर द्रवाच्या दाबाने चालणारे ब्रेक आले. ती कल्पना माल्कम लॉगहेड यांची. त्यांच्या रचनेत द्रव अडविण्यासाठी कातड्याच्या वाट्या होत्या आणि त्या गळत. १९२४ च्या क्रायस्लर गाडीसाठी अभियंत्यांनी तेथे रबराच्या वाट्या बसविल्या, तेव्हा कोठे हा ब्रेक भरवशाचा ठरला. फोर्ड कंपनीने तर १९३९ च्या गाड्यांपर्यंत द्रवाच्या ब्रेकवर विश्वासच ठेवला नाही. आज आपण जिच्या भरवशावर खंडाळ्याचा घाट उतरतो, ती गोष्ट म्हणजे अंगठ्याएवढी एक रबरी वाटी आहे.

ही वाटी कालांतराने कडक होते, झिजते. त्यात भर म्हणजे ब्रेकच्या द्रवाचा एक गुणधर्म. बाजारात आपण त्यास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो. पण ते तेल नव्हे. कोणी घाईत त्या जागी इंजिनचे तेल ओतले, तर रबर फुगून निकामी होते. खरा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. ‘डॉट ३’ प्रकारचा नवा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. उतारावर सतत ब्रेक दाबून चाके तापली की असा ओलावलेला द्रव उकळू शकतो. मग नळीत वाफ होते, वाफ दबते आणि पेडल रिकामेच खाली जाते. मुरलेले पाणी आणखी एक काम करते. ते सिलिंडरच्या आतील भिंतीला गंज चढविते, गंजाने खळगे पडतात आणि त्या खळग्यांवरून सरकताना रबर फाटते. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत हे अधिक लवकर होते. वर्षानुवर्षे शेडमध्ये उभी असलेली गाडी बाहेर काढताच ब्रेक गळू लागतो, याचे कारणही हेच. न वापरल्याने वस्तू टिकते, हा आपला समज येथे खोटा ठरतो.

गळती ओळखणे मात्र कठीण नाही. टाकीतील द्रवाची पातळी पुन्हा पुन्हा उतरते. चाकाच्या आतल्या अंगास, टायरच्या कडेला ओल दिसते. पेडल पायाखाली स्पंजासारखे लागले, तर नळीत हवा शिरली आहे असे समजावे. पेडल दाबून धरले असता ते हळूहळू खाली बसत गेले आणि बाहेर ओल कोठेच नसली, तर मास्टर सिलिंडरच्या आतील रबर द्रव मागे सोडीत आहे. गाडी थांबताना एका बाजूस ओढू लागली, तर त्या किंवा पलीकडच्या चाकातील लायनर द्रवाने भिजले असण्याचा संभव आहे. यंत्र बोलत नाही असे आपण म्हणतो. पण येथे तर ते पाच प्रकारे सांगत असते.

आणि आता तो मोह. पातळी उतरली की बाटली उघडून टाकी पुन्हा भरावयाची. काम दोन मिनिटांचे, खर्च थोडा. गाडी चालू लागते, ब्रेकही लागतो. आठवड्याने पुन्हा तेच. ही ‘भर’ घालणे म्हणजे दुरुस्ती नाही, हे प्रत्येक जण मनात जाणतो. परंतु ती दुरुस्तीसारखी दिसते, आणि तेवढ्याने मनाचे समाधान होते. खरे पाहता भर घातल्याने गळतीला पुरवठा होतो. गेलेला द्रव कोठेतरी गेलेला असतो: तो लायनरमध्ये मुरतो, चाकाच्या ड्रममध्ये साचतो, बाहेर पडल्यास रंगही खातो. शिवाय जुन्या गाड्यांची रचना अशी, की मास्टर सिलिंडर एकेरी असे आणि चारही चाकांचा दाब एकाच मार्गाने जाई. एका चाकाची वाटी फाटली की चारही चाकांचा ब्रेक जावयाचा. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना दोन स्वतंत्र मार्ग असणे कायद्याने आवश्यक झाले, ते यामुळेच. आधीच्या काळच्या गाडीला ही दुसरी संधी नाही. हातब्रेक असतो; पण तो उभी गाडी धरून ठेवण्यासाठी, धावती गाडी भरचौकात थांबविण्यासाठी नव्हे.

तेव्हा समजा, एका गृहस्थाने वर्षभर अशी भर घालीत गाडी चालविली आणि काहीही झाले नाही. त्याचा काही दोष आहे काय?

१८७७ साली विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने एका निबंधात याच जातीचा प्रश्न विचारला होता. एक जहाजमालक परदेशी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना घेऊन जाणारे जुने जहाज समुद्रात सोडणार असतो. जहाज जीर्ण आहे, त्याची अनेकदा दुरुस्ती करावी लागली आहे, हे त्यास ठाऊक असते. मनात शंका येते. पण खर्चाचा विचार येताच तो स्वतःची समजूत घालू लागतो. इतक्या फेऱ्या सुखरूप झाल्या, हीही होईल. देव या गरीब कुटुंबांना सांभाळील. अशा रीतीने तो शंका गिळतो आणि निश्चिंत मनाने जहाजास निरोप देतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे, कारण ती निश्चिंतता त्याने चौकशी करून मिळविली नव्हती, शंका दडपून मिळविली होती. यापुढे तो विचारतो: समजा, जहाज बुडाले नाही, सुखरूप पोहोचले, मग त्याचा दोष कमी होतो काय? उत्तर येते, तिळमात्र नाही. कृती बरी की वाईट हे ती घडली त्या क्षणी ठरते. पुढे लागणारे फळ ते बदलू शकत नाही. फार तर एवढेच, की दोष उघडकीस येत नाही.

क्लिफर्ड हा धर्मश्रद्धेचा टीकाकार होता आणि त्याच निबंधातील त्याचे इतर निष्कर्ष आम्हांस मान्य होण्यासारखे नाहीत. परंतु जहाजमालकाविषयी त्याने दिलेला निवाडा कोणाही श्रद्धावंताने नाकारू नये. देवावरचा भरवसा हा पाना हाती न घेण्याचा बहाणा होऊ लागला, की तो भरवसा राहिलेला नसतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो अज्ञानाचा. ‘मला मोटारीतले काय कळते? मी तर चालवतो एवढेच.’ अज्ञानाने माणूस दोषमुक्त होतो, हे तत्त्व खरे आहे. पण कोणते अज्ञान? ज्ञान मिळविण्याचा काही मार्गच नव्हता असे अज्ञान वेगळे, आणि मान वळवून न पाहिल्यामुळे राखलेले अज्ञान वेगळे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात सांगितले आहे की, माणूस आपल्या अज्ञानाला स्वतःच कारण असेल तर त्यास शिक्षा होते. मद्यधुंद अवस्थेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट दंड असे, कारण न पिणे त्याच्या हाती होते. हाच विचार आपल्या देशाच्या कायद्यातही आला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० प्रमाणे, धोकादायक दोष असलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविणारा, किंवा चालवू देणारा, दंडास पात्र ठरतो. तो दोष त्यास ठाऊक असावा, अथवा साधारण काळजी घेतली असती तर कळण्यासारखा असावा. वाचकांनी येथील दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. अपघात व्हावाच लागतो असे कायदा म्हणत नाही. आणि ‘मला माहीत नव्हते’ एवढे उत्तर तो पुरेसे मानीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो गरिबाचा आहे. सारे सुटे भाग नवे घालावयास पैसा कोठून आणावा? ज्याचे पोट गाडीवर आहे, त्याने एक दिवस गाडी उभी केली तर घरी चूल कशी पेटावी? या प्रश्नापुढे उपदेशाची भाषा आम्हांस शोभत नाही. जुनी वस्तू निर्दोष कधीच नसते. तिच्या मालकाला दहा दोषांपैकी कोणते दोन आज दूर करावयाचे हे ठरवावेच लागते. दाराचा कर्कश आवाज, फाटलेले आसन, हिवाळ्यात रुसणारे इंजिन, यांस थांबावयास सांगता येईल. त्यांचा त्रास मालकाला होतो आणि तो सोसावयाचा की नाही हे तोच ठरवू शकतो. ब्रेकचे तसे नाही. गळत्या ब्रेकची जोखीम चालकासोबत रस्ता ओलांडणारी म्हातारी, शाळेतून परतणारे पोर, पुढे चाललेला सायकलस्वार हे सारे उचलीत असतात, आणि त्यांना कोणीही विचारलेले नसते. स्वतःच्या खिशाचे गणित सोडविण्यासाठी दुसऱ्याच्या जिवाची रक्कम न विचारता वापरणे हे गरिबीनेही न्याय्य ठरत नाही. मात्र गरिबाला असे सांगणाऱ्या समाजाने त्याची गाडी उभी असताना त्याच्या घरची चूल पेटती राहील हे पाहिले पाहिजे. शेजाऱ्याने दोन दिवस आपली गाडी दिली, पतपेढीने वेळेवर कर्ज दिले, तर पुष्कळ गळत्या वेळीच बंद होतील.

आमच्या परिचयातील एका कुटुंबातील प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. वडिलांच्या पश्चात मुलाने त्यांची फियाट मोठ्या हौसेने रंगवून घेतली. पुतणीच्या लग्नात नवरी याच गाडीतून जाणार असे ठरले होते. लग्नाच्या तीन दिवस आधी मागच्या डाव्या चाकातून गळती सुरू झाली. वडिलांच्या वेळेपासून गाडी पाहणारे एक वृद्ध मिस्त्री होते. त्यांच्याकडे गाडी नेली.

“मिस्त्रीकाका, रविवारी लग्न आहे. तेवढं एक चाक बघा आणि द्या. बाकीचं नंतर करू,” तो म्हणाला.

मिस्त्रींनी चारही ड्रम उतरविले. एका सिलिंडरचे रबर फाटले होते; दुसऱ्या दोहोंची धूळवाटी उचलताच आत ओल लागली. “अरे, चारही रबरं एकाच वयाची आहेत. एक गेलं म्हणजे बाकीची निघायच्या तयारीत आहेत. सिलिंडरला खड्डे पडलेत, भिजलेले लायनर धुऊन येत नाहीत. मी अर्धं काम करून देणार नाही.”

“पण नवरी...”

“नवरीला दुसऱ्या गाडीतून ने. ही न्यायचीच असेल तर ढकलत ने.”

नवरी दुसऱ्या गाडीतून गेली. घरात थोडी नाराजी झाली. काहींना मिस्त्री हेकट वाटले. आम्हांस मात्र त्या नकारात कारागिराचा सारा धर्म दिसला. गिऱ्हाईक जे मागेल ते देणे ही सचोटी नव्हे. ज्याला दोष कळतो, त्याच्यावर तो कळल्याचे ओझे येते, आणि ते ओझे गिऱ्हाइकाच्या घाईने हलके होत नाही. मिस्त्रींनी एक चाक दुरुस्त करून पूर्ण पैसे घेतले असते, तरी त्यांना कोणी नाव ठेवले नसते. ते त्यांनी केले नाही.

पुढे नवे सिलिंडर आले, एका अक्षावरचे लायनर दोन्ही बाजूंस बदलले गेले, तडकलेले रबरी होज काढले, सांध्यांवरचे तांब्याचे वॉशर नवे घातले, आणि जुना द्रव पूर्ण काढून ताजा भरला गेला. मग ब्रेकची हवा काढण्याचे काम आले. हे काम एकट्याला साधेपणाने जमत नाही. एकाने पेडल दाबून धरावयाचे. दुसऱ्याने चाकापाशी बसून निपल सैल करावयाचा. बुडबुडे घेऊन द्रव बाहेर येतो. निपल आवळेपर्यंत पेडलवरचा पाय उचलावयाचा नाही, नाहीतर काढलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून जवळच्या चाकाकडे यावयाचे, आणि टाकी मध्ये रिकामी होऊ द्यावयाची नाही. मुलगा आत बसला होता, मिस्त्री चाकाशी. “दाब... धर... सोड,” एवढेच शब्द तासभर चालले होते. दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नव्हते. तरी एकाने दुसऱ्याच्या शब्दावर पाय ठेवला होता.

अशी गाडी विकावयाची झाली तर? खरेदीदाराच्या दृष्टीस चकाकणारा रंग पडतो. टाकी सकाळीच भरली असल्याने पातळीही बरोबर दिसते. विक्रेत्याने खोटे काहीच सांगितलेले नसते. पण भरलेल्या टाकीने खोटे सांगितलेले असते, आणि ती त्याने भरलेली असते. मौनाने केलेली फसवणूक शब्दांनी केलेल्या फसवणुकीपेक्षा सौम्य मानण्याची आपली रीत आहे. जेथे दुसऱ्याचा जीव त्या मौनावर अवलंबून आहे, तेथे ती रीत सोडून द्यावी. ‘ब्रेक गळतो, दुरुस्त करून घ्या,’ एवढे वाक्य बोलल्याने किंमत काही हजारांनी उतरेल. ती उतरू द्यावी.

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट. सदसद्विवेकाला जसा बेफिकिरीचा रोग जडतो, तसा अतिशंकेचाही जडतो. प्रत्येक वळणावर गाडी थांबवून चाकाखाली वाकणारा माणूस कोणाचेच भले करीत नाही. काळजीला माप असावे. महिन्यातून एकदा टाकीची पातळी पाहावी. निघण्यापूर्वी पेडल मिनिटभर दाबून धरावे. दोन वर्षांनी द्रव बदलावा. ओल दिसली तर गाडी उभी करावी आणि जाणकारास दाखवावी. एवढे केल्यावर निर्धास्त मनाने प्रवास करण्याचा माणसाला अधिकार आहे. ही निश्चिंतता जहाजमालकाच्या निश्चिंततेहून वेगळी आहे, कारण ती पाहून मिळविलेली आहे.

आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. अपघात टळला यात भर घालणाऱ्याचा काही गुण नाही. त्याचे ऋण रस्त्यावरच्या प्रत्येक अनोळखी माणसाकडे तसेच उभे राहते, आणि ते फेडण्याचा मार्ग म्हणजे गाडी उभी करून ड्रम उतरविणे. आपल्या घरांत, संस्थांत आणि नात्यांतही अशा किती टाक्या आपण दर आठवड्याला भरीत असतो, याचा विचार ज्याचा त्याने करावा. त्या फियाटचे म्हणाल, तर ती आता चांगली चालते. पुतणीला मूल झाले, तेव्हा माहेरी परतताना ती याच गाडीतून आली.